न्यायाधीशापेक्षा मोठा हिशेबनीस

आपल्या शिबिरांत कलम १४ ते १७ कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतात. कलम १४८ कशाचे, असे विचारले की शांतता पसरते. या कलमात नियंत्रक व महालेखापरीक्षकाचे, म्हणजे ‘कॅग’चे पद आहे. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत त्यावर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेब मसुद्यावर खूश नव्हते आणि तसे ते स्पष्ट बोलले. हा बहुधा संविधानातला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी, त्याचे काम न्यायपालिकेपेक्षाही मोलाचे, आणि तरी आपण त्याला न्यायपालिकेइतके स्वातंत्र्य दिलेले नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

घटनाकार असे का म्हणाले? कारण ते आधी अर्थशास्त्रज्ञ होते. ईस्ट इंडिया कंपनीचा जमाखर्च त्यांनी १९१५ मध्येच तपासला होता. रयतेकडून सारा वसूल करणाऱ्या कंपनीने रस्ते, कालवे, पूल यांवर किती तुटपुंजा पैसा घातला, हे त्यांना आकड्यांनिशी ठाऊक होते. १९४२ च्या व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात सरकारी बांधकामांच्या कंत्राटांतून अस्पृश्यांना वगळले जात असल्याची तक्रारही त्यांनी मांडली. सरकारचा पैसा कोणाच्या हातून जातो, कोणापर्यंत पोचतो, हा प्रश्न त्यांच्यासाठी जातीचाच प्रश्न होता.

कॅगला हटवायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला लागते तीच प्रक्रिया लागते, आणि निवृत्तीनंतर त्याला सरकारी पद घेता येत नाही. एवढे संरक्षण मिळाले. पण आपला नोकरवर्ग नेमण्याचा जो अधिकार न्यायालयांना मिळाला, तो त्याला मिळाला नाही. बाबासाहेबांची नाराजी होती ती इथेच.

आता महामार्गाकडे या. ऑगस्ट २०२३ मध्ये भारतमाला योजनेवरचा कॅगचा अहवाल संसदेत आला. मंत्रिमंडळ समितीने २०१७ मध्ये ३४,८०० किलोमीटरसाठी ५.३५ लाख कोटी रुपये मंजूर केले होते. द्वारका द्रुतगती मार्गाला या मंजुरीप्रमाणे किलोमीटरमागे १८.२० कोटी धरले होते. महामार्ग प्राधिकरणाच्या मंडळाने मान्य केले २५०.७७ कोटी. सरकारचे म्हणणे, हा आठपदरी उन्नत मार्ग, त्याला देशाची सरासरी लावू नका. ठीक आहे, उन्नत मार्ग महागच पडतो. पण मग तो उन्नतच का हवा होता, याचे कारण कागदावर नव्हते, हा लेखापरीक्षकाचा मुद्दा त्या उत्तराने मिटत नाही. वाहिन्यांवर चार दिवस गदारोळ झाला आणि विषय बुडाला.

आमच्या चळवळीतही अनेकांना हा ‘त्यांचा’ भ्रष्टाचार वाटला. तसे नाही. १९७९-८० पासून अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी वेगळा काढायचा, हे तिचे तत्त्व. तो वेगळा निघतो, पण अनेकदा कागदावरच. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांकडे हा निधी वळवल्याचे तत्कालीन गृहमंत्री चिदंबरम यांनी राज्यसभेत मान्य केले. कर्नाटकच्या २०१३ च्या कायद्यात तर कलम ७ (डी) होते : रस्त्यासारख्या सार्वजनिक कामाच्या खर्चातला एक वाटा दलित-आदिवासींवर झालेला खर्च ‘मानायचा’. रस्त्यावरून दलितही चालतात ना! संघटनांच्या रेट्यामुळे २०२३ मध्ये ते कलम काढावे लागले.

म्हणजे उद्या डांबर उखडले, तर त्या खड्ड्यात आपल्या शिष्यवृत्तीचे आणि वसतिगृहाचे पैसेही असू शकतात. म्हणून कॅगचे अहवाल वाचणे हे चळवळीचे काम आहे. ते संकेतस्थळावर फुकट आहेत. राज्याचे अहवाल विधिमंडळात मांडले जातात आणि लोकलेखा समितीकडे जातात, तिथे आपल्या राखीव जागांवरचे आमदार काय विचारतात, हे आपण त्यांना विचारले पाहिजे. आणि कॅग आपल्या वस्तीच्या रस्त्यापर्यंत येणार नसेल, तर माहिती अधिकार कायद्याचे कलम २ (जे) आहे : कामाची पाहणी, मोजमाप पुस्तिकेची प्रत, आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुनासुद्धा मागता येतो. अर्जाचे शुल्क दहा रुपये.