बृहन्मुंबई महानगरपालिकेतील सफाई कामगार : कार्यप्रेरणा आणि कायमपणाचा प्रश्न – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
स्थानिक स्वराज्य संस्थांची कार्यक्षमता ही अंतिमतः तेथील कर्मचाऱ्यांच्या कार्यप्रेरणेवर अवलंबून असते. या प्रेरणेचा विचार बहुधा पाश्चात्त्य सिद्धांतांच्या आधारे केला जातो. तथापि, मुंबईतील सफाई कामगारांचा इतिहास पाहता या सिद्धांतांची मर्यादा स्पष्ट होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
मुंबई महानगरपालिकेचा कारभार 1888 च्या अधिनियमानुसार चालतो. 1950 मध्ये अंधेरी, घाटकोपर ही उपनगरे आणि 1957 मध्ये बोरिवली, मुलुंड ही विस्तारित उपनगरे महापालिकेत समाविष्ट झाली. सेवाक्षेत्र वाढले, तसा सफाईचा भारही वाढला. हे काम प्रामुख्याने दलित समाजातील स्त्री-पुरुषांनी केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1935 मध्ये म्युनिसिपल कामगार संघाची स्थापना करून त्यांच्या हक्कांना संघटित रूप दिले.

कंत्राटी पद्धती आणि न्यायालयीन लढा :
विसाव्या शतकाच्या अखेरीस सफाईच्या कामात कंत्राटी पद्धती रुजली. एकाच रस्त्यावर, एकाच प्रकारचे काम करणारे दोन कामगार वेतन, रजा व वैद्यकीय सवलती यांबाबत मात्र भिन्न ठरले. काही कामगारांना तर ‘स्वयंसेवक’ संबोधून वेतनाऐवजी मानधन देण्यात येई. या विरोधात 1997 मध्ये स्थापन झालेल्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढा दिला. औद्योगिक न्यायाधिकरणाने 2014 मध्ये ही कंत्राटे केवळ दिखाऊ असल्याचे ठरवून सुमारे 2,700 कामगारांच्या बाजूने निवाडा दिला. उच्च न्यायालयाने 2016 मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये तो कायम ठेवला. त्यानंतरही कागदपत्रांतील नावांच्या तफावतीमुळे अनेकांना प्रतीक्षा करावी लागली.

प्रेरणासिद्धांताच्या संदर्भात :
फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्ये मांडलेल्या द्विघटक सिद्धांतानुसार वेतन व नोकरीची सुरक्षितता असमाधान दूर करतात. खरी प्रेरणा मात्र कार्यसिद्धी, मान्यता व जबाबदारी यांतून मिळते. हा अभ्यास अमेरिकेतील पिट्सबर्ग परिसरातील अभियंते व लेखापाल यांच्यावर आधारित होता. ज्यांना कामगार म्हणून ओळखच नाकारली गेली, त्यांच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही. येथे कायमपणा म्हणजे केवळ सुरक्षितता नव्हे. ती श्रमाला मिळालेली मान्यताही आहे. चौकीवरील हजेरीपुस्तकात महापालिकेचा कामगार म्हणून नाव लागणे, हीच त्यांच्या दृष्टीने पहिली प्रेरणा ठरते.

निष्कर्ष :
हजेरी, तपासणी व दंड यांद्वारे कामाचे मोजमाप होऊ शकते, परंतु कामाविषयी आस्था निर्माण होत नाही. जी संस्था एखाद्याकडून वर्षानुवर्षे काम करून घेते आणि तो आपला कर्मचारी असल्याचे नाकारते, तिला त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा करण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. म्हणूनच स्थानिक प्रशासनातील कार्यप्रेरणेचा अभ्यास प्रशिक्षण व प्रोत्साहन योजनांपासून नव्हे, तर सेवासंबंधांच्या इतिहासापासून सुरू होणे आवश्यक आहे.