बिलिमोऱ्याचा पळून गेलेला मुलगा



गेल्या वर्षी नववीतील एका विद्यार्थ्याचे वडील त्याची वही घेऊन माझ्याकडे आले. वहीच्या मागच्या पानांवर चित्रपटांची नावे, दिग्दर्शकांची नावे आणि पेन्सिलीने काढलेली दृश्ये होती. ते म्हणाले, "सर, पोरगा हातचा गेला. आमच्या घराण्यात असले शौक कुणी केले नाहीत." मुलगा खाली मान घालून उभा होता. त्या वेळी मला जे सांगता आले नाही, ते इतिहासाच्या आधारे येथे मांडतो.

सिनेमाविषयीचा तिटकारा केवळ आपल्याच समाजात होता असे नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. शेवटी अण्णा साळुंके या पुरुषाला लुगडे नेसवावे लागले. ज्या काळी सर्वच जातिधर्मांतील कुटुंबे या धंद्याकडे पाठ फिरवीत होती, त्याच काळात १९२६ साली फातमा बेगम यांनी 'बुलबुले परिस्तान' दिग्दर्शित केला. भारतातील पहिल्या स्त्री-दिग्दर्शक त्याच होत. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात झळकलेल्या 'आलम आरा' या पहिल्या बोलपटाची नायिका झुबेदा ही त्यांचीच कन्या.

याच काळात बडोदा संस्थानातील बिलिमोरा येथील एका साध्या मुस्लिम घरातील मुलाला सिनेमाने वेड लावले. त्याचे नाव मेहबूब खान. शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतेच. सोळा वर्षांचा असताना तो नट होण्यासाठी मुंबईला पळाला. वडिलांना पत्ता लागताच त्यांनी त्याला परत आणले. परंतु ओढ काही सुटली नाही. तो पुन्हा मुंबईस गेला आणि इंपीरियल कंपनीच्या 'अलिबाबा' या मूकपटात चाळीस चोरांपैकी एक चोर झाला. 'आलम आरा'च्या नायकासाठी त्याचा विचार झाला होता, पण ती भूमिका मास्टर विठ्ठल यांना मिळाली.

नट म्हणून नाव झाले नाही, तरी त्यांनी काम सोडले नाही. १९३५ साली सागर मूव्हीटोनसाठी 'अल हिलाल' हा पहिला चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला. १९४० साली 'औरत' आला. पुढे तीच कथा त्यांनी १९५७ साली 'मदर इंडिया' म्हणून पुन्हा मांडली आणि ऑस्करचे नामांकन मिळविणारा तो पहिला भारतीय चित्रपट ठरला. वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ त्यांनीच उभारला. १९६३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २८ मे १९६४ रोजी ते निवर्तले. हे गृहस्थ नमाजाचे पाबंद होते, ही गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी.

आपल्या कोल्हापूरकडचेही उदाहरण आहे. कागलचे शेख फत्तेलाल, ज्यांना सारे 'साहेबमामा' म्हणत, हे आनंदराव व बाबुराव पेंटर यांच्या सहवासात चित्रकला शिकले आणि १९२९ साली स्थापन झालेल्या 'प्रभात'चे एक भागीदार झाले. विष्णुपंत दामले यांच्यासह त्यांनी १९३६ साली 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. व्हेनिसच्या १९३७ च्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. एका मुसलमान कलावंताच्या हातून वारकऱ्यांचा तुकोबा पडद्यावर साकारला, याचा आपणा सर्वांनाच अभिमान वाटावा.

परंतु विद्यार्थी मित्रांनो, गोष्टीची दुसरी बाजूही ऐका. त्या चाळीस चोरांतील एक मेहबूब झाला. बाकीच्या एकोणचाळीसांची नावे आज किती जणांना ठाऊक आहेत? मुलाला परत नेणाऱ्या त्या बापाची भीती अगदीच खोटी नव्हती. मेहबूब यांच्याकडे शिक्षण नव्हते म्हणून ते मोठे झाले नाहीत, तर ते नसतानाही वर्षानुवर्षे स्टुडिओत राबून शिकले म्हणून मोठे झाले. तुम्हांला आज पळून जाण्याची गरज नाही. पुण्यात 'प्रभात'च्याच आवारात १९६० पासून शासनाची चित्रपट संस्था आहे. तेथील दिग्दर्शन, छायालेखन, संकलन या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांना पदवी लागते. म्हणजे वाट आहे, पण ती शाळेच्या दारातूनच जाते.

आणि पालकांना विनंती अशी, की वही फाडू नका. मुलगा काय पाहतो, हे त्याच्या शेजारी बसून एकदा पाहा. वाईट वाटले तर तसे सांगा, चांगले वाटले तर तेही सांगा. ज्या घरात शौकाविषयी बोलता येत नाही, त्याच घरातून मुले पळतात.

त्या विद्यार्थ्याची वही माझ्या कपाटात आहे. वडिलांनी ती मजजवळ ठेवावयास दिली होती. दहावीचा निकाल लागला, की त्याच्या वडिलांच्याच हातून ती त्याला परत द्यावी, असे मी योजले आहे. ते येतील, अशी मला आशा आहे.