रिबनच्या जागी डोळा

१९८४ साली अमेरिकेत मॅकिंटॉश आला, पण त्यात फोटो घालायचा कसा? स्कॅनर म्हणजे हजारो डॉलर्सचं काम! कॅलिफोर्नियातल्या थंडरवेअर कंपनीने त्याच वर्षअखेरीस ‘थंडरस्कॅन’ काढला. ॲपलच्या इमेजरायटर प्रिंटरमधली रिबन काढून तिथे सेन्सर बसवायचा आणि कागदाऐवजी फोटो सरकवायचा. छापणारं यंत्र चक्क वाचू लागलं! सॉफ्टवेअर होतं अँडी हर्ट्झफेल्डचं; मॅकच्या मूळ टीममधला हा पठ्ठ्या नुकताच ॲपलमधून बाहेर पडला होता. वेग बैलगाडीचा, तरी सुमारे लाखभर खपले. मला तर ही खटपट अस्सल आपल्याकडची वाटते. फक्त जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले आजी-आजोबा त्या रुळाभोवती वळणार नव्हते. त्यांची आधी झेरॉक्सच काढायला हवी.