नंबर, नाव आणि पत्ता

वसुबारस उलटली की आमच्या मंडईला दुसरेच रूप येते. एरवी जेथे कांदे-बटाटे आणि कोथिंबिरीच्या जुड्या दिसतात, तेथे झेंडूचे ढीग, पणत्या, केरसुण्या आणि नरकचतुर्दशीला पायाखाली चिरडायची कारिटे येऊन बसतात. ज्यांना गाळा आहे ते त्या अष्टकोनी दगडी इमारतीच्या आत, ज्यांना नाही ते बाहेर रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून. या बाहेरच्यांपैकी एका आजीकडून मी कित्येक वर्षे कारिटे घेत आलो. मुळशीकडची बाई. वर्षातून चार दिवस यायची, माल खपला की परत जायची.

२०१६ सालच्या धनत्रयोदशीला मी गेलो, तेव्हा आजी जागेवर नव्हती. शेजारच्या लिंबूवाल्याने हकीकत सांगितली. सकाळी एक स्कूटर गर्दीत घुसली आणि आजीच्या पायावरून गेली. स्कूटरवाल्याने क्षणभर मागे वळून पाहिले आणि तो निघून गेला. एका पोराने मात्र प्रसंगावधान राखून गाडीचा नंबर खडूने फरशीवर लिहून ठेवला होता. तो मी वहीत उतरवून घेतला आणि दवाखान्यात गेलो. आजीचा घोटा मोडला होता.

"नंबर घावलाय न्हवं, मास्तर?" तिने विचारले.

"घावलाय, आजी."

"मग मानूस घावायला काय अडलंय?"

काहीच अडलेले नाही, असे मलाही तेव्हा वाटले. गाडी आहे, गाडीला नंबर आहे, नंबराची नोंद सरकारदप्तरी आहे. वही उघडायची आणि नाव वाचायचे. पण मी एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत हिंडू लागलो तेव्हा कळले, की ती वही उघडणे इतके सोपे नाही. "जखमी बाई तुमच्या कोण?" असे एकाने विचारले. "कोणी नाही" म्हणताच त्याने माझा अर्ज परत केला. दुसऱ्याने सांगितले, "मालकाचे नाव-पत्ता असा कोणालाही देता येत नाही, मास्तर. उद्या तुम्ही त्याच्या घरी जाऊन मारामारी केलीत तर?" मला राग आला खरा, पण त्या गृहस्थाचे म्हणणे चूक नव्हते. किती बरोबर होते, ते पुढच्या दोन महिन्यांतच मला कळायचे होते.

माझी एक माजी विद्यार्थिनी तेव्हा लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात हिशेब लिहायची. रोज सकाळी ती आपली स्कूटर मंडईशेजारच्या वाहनतळावर लावी. (याच परिसरातले एक वाहनतळ आर्यन चित्रपटगृहाच्या जागेवर उभे आहे. १९१५ साली सुरू झालेले ते पुण्यातले पहिले कायमचे चित्रपटगृह. जेथे लोक पडद्याकडे बघत बसत तेथे आता नुसत्या गाड्या उभ्या असतात.) तर या वाहनतळावर कोणा एकाने तिला दोन-चार वेळा पाहिले. तिच्याशी तो एक शब्दही बोलला नाही. त्याने फक्त तिच्या गाडीचा नंबर पाहून ठेवला. त्या काळी मोबाइलवरून नंबर टाकून संदेश पाठवला की सरकारी यंत्रणा गाडीमालकाचे नाव कळवीत असे. नाव असे फुकटात मिळाले. पत्ता त्याने एका एजंटाला दोनशे रुपये देऊन काढला. आठ दिवसांत तिच्या घरी पाकीट आले, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात तो स्वतः कोपऱ्यावर येऊन उभा राहू लागला. पोलिसांनी त्याला बोलावून दम दिला, तेव्हा हे सारे बाहेर पडले. मुलीच्या वडिलांनी स्कूटर विकून टाकली. ती बसने जाऊ लागली. पुढे तिने ती नोकरीच सोडली.

एकाच मंडईच्या आवारातल्या या दोन गोष्टी. आजीला नंबरावरून माणूस हवा होता आणि तो मिळत नव्हता. त्या माणसाला मुलगी हवी होती आणि ती त्याला आठ दिवसांत सापडली. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, कायद्याच्या पुस्तकांशी संबंध कधी आला नव्हता. पण या विसंगतीने मला झोप येईना. गाडीला हा नंबर लावला तरी कोणी, आणि त्यामागची वही कोणी कोणाला दाखवायची, याचा मागोवा घेत गेलो.

गंमत अशी की पहिल्या पाट्यांवर नंबराबरोबर नाव-पत्ताही होता. १८९३ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या पोलीसप्रमुखाने हुकूम काढला, की प्रत्येक मोटारीवर धातूची पाटी असावी, तिच्यावर मालकाचे नाव, पत्ता आणि परवान्याचा क्रमांक स्पष्ट वाचता यावा आणि ती कधी झाकली जाऊ नये. म्हणजे रस्त्याने जाणारा कोणीही बघावा, वाचावा! पुढे मोटारी वाढल्या, वेग वाढला. धावत्या गाडीवरचे नाव-पत्ता वाचणार कोण? इंग्लंडने १९०३ च्या कायद्याने नुसती अक्षरे आणि आकडे ठेवले. नाव-पत्ता कौन्सिलच्या नोंदवहीत गेला. सोय म्हणून केलेल्या या बदलातून नकळत एक मोठी गोष्ट घडून आली. नंबर हा पडदा झाला. रस्त्यावरच्या माणसाला गाडी ओळखता येईल, पण गाडीत बसलेल्याचे घर त्याला दिसणार नाही. ते बघायचे तर वहीवाल्याकडे जावे लागेल. तेव्हा सारा प्रश्न त्या वहीवाल्याचा होऊन बसला.

आपल्याकडे अखिल हिंदुस्थानसाठी पहिला मोटार कायदा झाला १९१४ साली, मग १९३९ साली दुसरा, आणि १९८८ चा तिसरा आजही चालू आहे. पुण्याला मोटारींचे अप्रूप तसे उशिराचे. हे गाव सायकलींचे. नगरपालिकेचा कर भरल्याचा सायकलचा बिल्ला माझ्या वडिलांच्या पेटीत कित्येक वर्षे पडून होता. त्या बिल्ल्यावरून कोणी कोणाच्या घरी पोचल्याचे मी तरी ऐकलेले नाही. स्कूटर घरोघर आली आणि वही जाडजूड झाली. पण गाडीची नोंद कशी करावी, नाव बदलले तर कोणाला कळवावे, याची बारीकसारीक कलमे लिहिणारे हे कायदे, ती नोंद कोणाला दाखवू नये याविषयी जवळजवळ मुकेच राहिले. सगळा भरवसा कारकुनाच्या स्वभावावर.

पुणेकरांना हा प्रश्न नवा वाटू नये. पेशवे दप्तराची गोष्ट आठवा. पेशवाईतले लक्षावधी कागद इंग्रजांनी ताब्यात घेतले आणि कुलपात ठेवले, कारण त्यांत इनामांचे पुरावे होते. कागद बाहेर गेले तर लोक हक्क सांगत येतील, ही सरकारची धास्ती. संशोधक दारे ठोठावीत राहिले. गो. स. सरदेसायांच्या देखरेखीखाली त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापून निघायला १९३० नंतरचा काळ उजाडावा लागला. तेथे दार फार घट्ट होते, गाड्यांच्या वहीचे फार सैल. पण कोणत्या कारणाने उघडायचे, हे दोन्हीकडे कोणी लिहून ठेवले नव्हते.

ते लिहून ठेवले अमेरिकेने, आणि तेही एका मुलीचा जीव गेल्यावर. रिबेका शेफर ही दूरचित्रवाणीवरची एकवीस वर्षांची नटी. तिच्यामागे वेडा झालेल्या एका माणसाला तिचा पत्ता हवा होता. त्याने एका खासगी गुप्तहेराला पैसे दिले. गुप्तहेराने तो कॅलिफोर्नियाच्या मोटार खात्याच्या नोंदीतून काढला. १८ जुलै १९८९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये घराची घंटा वाजली म्हणून ती दारात आली, आणि तेथेच त्याने तिला गोळी घातली. हे वाचताना मला कोपऱ्यावर उभा राहणारा तो माणूस आठवला आणि पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन यावे लागले.

१९९४ साली त्या देशाच्या संसदेने कायदा केला. मोटार खात्याने मालकाची खासगी माहिती सहसा कोणाला देऊ नये. द्यायचीच तर ज्यांची यादी केली आहे अशा चौदा प्रकारच्या कामांसाठी. न्यायालयाचे काम, विम्याचा दावा, गाडीतला दोष मालकाला कळवणे, अशी ती कामे. माहितीचा गैरवापर झाला तर ज्याची माहिती गेली त्याला स्वतः दावा लावता येतो. राज्यांना हे आवडले नाही, कारण ती नोंदी विकत होती. एकट्या विस्कॉन्सिन राज्याला त्यातून वर्षाला सुमारे ८० लाख डॉलर मिळत. दक्षिण कॅरोलायना सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले आणि २००० च्या जानेवारीत सर्व नऊ न्यायाधीशांच्या एकमताने हरले.

आता आपली गोष्ट. वह्यांचे संगणक झाले, देशभरच्या नोंदी 'वाहन' नावाच्या एका कोठारात आल्या. २०१९ च्या मार्चमध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने त्या घाऊक देण्याचे धोरण जाहीर केले. व्यापारी संस्थांना वर्षाला ३ कोटी रुपये, शिक्षणसंस्थांना ५ लाख. त्याच जुलैत राज्यसभेत सांगण्यात आले, की तोवर ८७ खासगी आणि ३२ सरकारी संस्थांना नोंदी पाहायला मिळाल्या असून ६५ कोटी रुपये जमा झाले आहेत. नाव तुमचे, पत्ता तुमचा, नोंदणीची फी तुम्हीच भरलेली. त्याचा सौदा मात्र तिसऱ्याच्या घरी! मंडईच्या इमारतीवर नगरपालिकेचा पैसा ओतण्याला जोतीराव फुल्यांनी सभासद असताना विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्चावा, हे त्यांचे म्हणणे. १८८६ साली लॉर्ड रे यांच्या नावाने सुरू झालेल्या त्या इमारतीला पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने जोतीरावांचेच नाव मिळाले. लोकांचे ते कोणाच्या कामी लावता, हा त्यांचा सवाल या ६५ कोटींनाही विचारण्याजोगा होता. गैरवापराची भीती वाढली तेव्हा २०२० च्या जूनमध्ये ते धोरण मागे घेतले गेले. आता मोबाइलवर नंबर टाकला तर नाव दिसते ते अर्धेमुर्धे, मधल्या अक्षरांच्या जागी फुल्या.

धोरण मागे गेले, त्यामागे २०१७ चा एक निकालही उभा होता. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने ठरवले. कर्नाटकचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांचा तो दावा. १९५४ आणि १९६२ साली याच न्यायालयाने असा हक्क मान्य केला नव्हता. ते दोन्ही निर्णय त्या दिवशी बाजूला पडले. नवांमध्ये नागपूरचे शरद बोबडे होते आणि धनंजय चंद्रचूडही. धनंजयरावांचे वडील यशवंतराव पुण्याचे, येथल्याच नूतन मराठी विद्यालयाचे विद्यार्थी. आणीबाणीत, १९७६ साली, सरकारने कोणाला विनाकारण डांबले तरी दाद मागता येणार नाही असे म्हणणाऱ्या चौघा न्यायाधीशांत ते होते. मुलाने आपल्या निकालपत्रात त्या चौघांचे निर्णय गंभीर चुकीचे होते असे लिहून ते रद्द ठरवले. वडिलांची चूक मुलाने जाहीरपणे दुरुस्त केल्याचे उदाहरण शाळेत सांगावे की नाही, याचा मी अजून निर्णय केलेला नाही. बाप मंडळी तक्रार घेऊन येतील.

हक्क मिळाला; त्याची कलमे व्हायला मात्र वेळ लागला. व्यक्तीच्या माहितीविषयीचा कायदा २०२३ च्या ऑगस्टमध्ये झाला, त्याचे नियम निघायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. त्यात सरकारला सवलती बऱ्याच आहेत, आणि अमेरिकेसारखी गाड्यांच्या वहीसाठी वेगळी यादी नाही. माझ्या मते तशी यादी हवी. एजंटाला दोनशे रुपये देणाऱ्याला जर कारण लिहून, सही करून द्यावे लागले असते, तर तो तेथूनच परत फिरला असता.

आणि आजी? गंमत म्हणजे तिच्यासाठी कलम होते. १९८८ च्या कायद्याचे १६० वे. अपघाताची भरपाई मागणाऱ्याने मागितल्यास गाडीची आणि ती वापरणाऱ्याची माहिती, ठरलेली फी घेऊन, नोंदणी अधिकाऱ्याने किंवा पोलीस ठाण्याच्या प्रमुखाने दिलीच पाहिजे. माझ्या एका वकील मित्राने ते दाखवले. मी "कोणी नाही" होतो म्हणून माझा अर्ज परत आला. मागायला हवे होते आजीने. तिचा अंगठा घेऊन अर्ज केला. चार महिन्यांनी उत्तर आले. वहीत ज्याचे नाव होते त्याने गाडी दोन वर्षांपूर्वीच विकली होती; नाव बदलायचे राहिले होते. त्याच्याकडून घेणाऱ्याचा ठावठिकाणा लागला. तो पोरसवदा मुलगा आईला घेऊन आला, आजीच्या पाया पडला. दवाखान्याचा खर्च त्याने तीन हप्त्यांत फेडला. दावा लावायचे आजीने नाकारले.

"मानूस घावला, झालं," ती म्हणाली.

आता आजी येत नाही, तिची सून येते. गेल्या दिवाळीत तिच्याकडून कारिटे घेत होतो, तोच मागून "सर!" अशी हाक आली. तीच मुलगी. कडेवर तिचा छोटा. नवी स्कूटर घेतल्याचे तिने सांगितले, पलीकडे लावली आहे म्हणाली आणि हाताने दाखवलीही. मी त्या बाजूला पाहिले नाही. कारिटे पिशवीत घातली आणि छोट्याचे नाव विचारले.