पाप आणि गुन्हा

इंग्लंडांत समलिंगी संबंधांचा न्याय पूर्वीं धर्मपीठें करीत. १५३३ सालीं आठव्या हेन्रीच्या पार्लमेंटनें त्यास देहान्त शासन लाविलें; जें पाप होतें तें गुन्हा झालें. ती शिक्षा १८६१ सालीं रद्द झाली; परंतु १८६० च्या दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमानें तोच विचार आमच्या देशांत येऊन बसला होता.

पाप व गुन्हा यांची फारकत करावी असें १९५७ सालीं वुल्फेंडन समितीनें सुचविलें. आर्चबिशप रॅम्से या संबंधांस पापच मानीत. तरीही त्यांनीं या सुधारणेस पाठिंबा दिला, हें विशेष. १९६७ सालीं कायदा बदलला. २०१३ च्या कायद्यानें समलिंगी विवाहास मान्यता दिली, मात्र इंग्लंडच्या चर्चला त्यांतून वगळलें.

आमच्याकडे सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांवरील ३७७ चा जाच सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दूर केला. विवाहाचा प्रश्न २०२३ सालीं विधिमंडळाकडे सोपविला. १९५४ चा विशेष विवाह कायदा कोणत्याच धर्माचा विधी मागत नाहीं. मग त्याच्या दारांत धर्मास पहारेकरी म्हणून कां उभें करावें? रॅम्से यांच्याइतका विवेक आमच्या धर्माभिमान्यांनीं दाखवावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.