जयपूर फूट आणि व्यवसायोपचार

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी 'जयपूर फूट' हा कृत्रिम पाय घडविला. तत्कालीन परदेशी धाटणीच्या पायांवर उकिडवे बसणे, मांडी घालणे किंवा चिखलात अनवाणी चालणे जवळपास अशक्य होते. रबराच्या या पायाने ते साधले. परंतु पाय बसविला म्हणजे रुग्ण स्वावलंबी झाला, असे नव्हे. स्नान, कपडे घालणे, चुलीपुढे बसून स्वयंपाक करणे ही कामे नव्याने शिकावी लागतात. हेच व्यवसायोपचाराचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचे क्षेत्र होय. भारतात त्याचे पहिले विद्यालय कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू केले. रुग्णाचे घर व रोजगार पाहून तज्ज्ञ सराव ठरवितात. प्रसंगी न्हाणीघरात आधाराचा दांडा बसविण्यासही सुचवितात.