मत्स्यशोधक यंत्र : शक्ती व ऊर्जापरिवर्तक

प्रतिध्वनीवरून माशांचे थवे शोधणाऱ्या यंत्राचे यश प्रेषकाची विद्युत् शक्ती व पाण्यात ध्वनी सोडणाऱ्या ऊर्जापरिवर्तकाची क्षमता यांच्या मेळावर अवलंबून असते. हा प्रश्न पहिल्या महायुद्धाइतका जुना आहे. पाणबुड्यांच्या शोधासाठी पॉल लांझ्व्हँ यांनी १९१७ मध्ये क्वॉर्ट्‌झ स्फटिकाचा पातळ थर पोलादी पट्टांमध्ये बसविला; जाड स्फटिकास लागणारा प्रचंड विद्युत् दाब त्यामुळे टळला. नॉर्वेचे ऑस्कर सुंड यांनी लोफोटेन बेटांजवळील कॉड माशांचे प्रतिध्वनी-आलेख १९३५ मध्ये प्रसिद्ध केले, तर नागासाकीच्या फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये मच्छीमारांना परवडेल असे यंत्र सिद्ध केले.

माशाचा प्रतिध्वनी अंतराच्या चतुर्थ घातानुसार क्षीण होतो. म्हणून दुप्पट खोलीसाठी, पाण्यातील शोषण वगळले तरी, सोळापट शक्ती लागते. साहजिकच मच्छीमारांचा ओढा अधिक वॉटच्या यंत्राकडे असतो. परंतु ६०० वॉटच्या ऊर्जापरिवर्तकास १,००० वॉटचा प्रेषक जोडल्यास आतील चकती तापून तडकण्याचा संभव असतो. उलट जोडणीत इजा होत नाही, पल्ला मात्र घटतो. कंप्रता जुळली नाही, तर बरीच शक्ती वायाच जाते. शिवाय विक्रेत्यांचे आकडे पारखूनच घ्यावेत. शिखर-ते-शिखर पद्धतीने सांगितलेले ४,००० वॉट वर्ग-माध्य-मूळ पद्धतीने ५०० वॉटच भरतात.